दहा आकडे मोजेपर्यंत

सोमवारी महादेवाला जाताना मी घरून तांब्याभर पाणी नेते आणि वाटेत त्याच्याशी भांडते. ओठ हलताना पाहून लोकांना वाटतं, बाई स्तोत्र म्हणतायत. बिबवेवाडीतलं आमचं देऊळ अगदी लहान, दोन इमारतींच्या मधे अंग चोरून उभं आहे. तिथे पोचेपर्यंत माझं अर्धं भांडण उरकलेलं असतं, उरलेलं अर्धं मी पिंडीवर पाणी घालताना करते. नऊ वर्षं भांडणाचा विषय एकच होता. माझ्या घरातल्या माणसाला मोकळं कर, आणि करायचं नसेल तर तसं सांगून टाक, म्हणजे माझ्या फेऱ्या तरी वाचतील. मी एकतीस वर्षं शाळेत शिकवलं आहे. विचारल्यावर गप्प बसणाऱ्या मुलाला बोलतं कसं करायचं हे मला चांगलं ठाऊक होतं. पण देवाला बाकावर उभं करता येत नाही. पुढे पुढे तर समोर कुणी आहे तरी का, अशीच शंका मला येऊ लागली होती. हे कबूल करायला लाज वाटते, पण अनुभव सांगायचा तर तो इथूनच सांगायला हवा.

आमचे हे अग्निशमन दलात चालक होते. चालक म्हटलं की लोकांना वाटतं, गाडी चालवणारा. पण आगीच्या ठिकाणी बंब पोचला की चालकाचं खरं काम सुरू होतं. जवान नळी घेऊन आत जातात आणि चालक बाहेर, बंबाच्या पंपाशी उभा राहतो. आतल्यांच्या नळीला पाणी किती जोरानं जाणार, जाणार की नाही, हे सगळं त्याच्या हातात. आतल्याला बाहेरचं दिसत नाही आणि बाहेरच्याला आतलं. मधे काय ती नळी. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात ह्यांनी मला सांगितलं होतं, "नळी ताठ हाय तवर आतला माणूस आपला हाय." ह्यांचं गाव आता शहरानं पोटात घेतलंय, तरी बोलणं अजून गावचंच आहे.

दहा वर्षांपूर्वी, भर दुपारी, पेठेतल्या एका तीन मजली इमारतीला आग लागल्याची वर्दी आली. दलात आगीच्या निरोपाला वर्दी म्हणतात. खाली मंडपाच्या कापडाचं गोदाम होतं आणि वर बिऱ्हाडं. दिनकरराव आणि महेश नळी घेऊन जिन्यानं वर गेले. दिनकरराव तांडेल, म्हणजे त्या तुकडीतले जाणते. आमच्या मुलीच्या बारशाला तेच सगळ्यांत आधी हजर होते. महेशचं लग्न होऊन आठ महिने झाले होते. बंबाच्या टाकीतलं पाणी संपत आलं, तेवढ्यात मागून टँकर आला. पंप टाकीवरून टँकरच्या पाण्यावर घ्यायचं काम ह्यांनी आयुष्यात शेकडो वेळा केलं असेल. आधी टँकरचा व्हॉल्व्ह उघडायचा, पाणी आलेलं डोळ्यांनी बघायचं, आणि मगच टाकीचा बंद करायचा. त्या दिवशी गर्दी अंगावर येत होती. एक माणूस ह्यांचा दंड धरून ओरडत होता की माझी आई वर आहे. त्या झटापटीत ह्यांनी टाकीचा व्हॉल्व्ह आधी बंद केला. पंपानं हवा घेतली आणि ताठ नळी मऊ पडली. दहा आकडे मोजेपर्यंत पाणी नव्हतं. मग आलं, पूर्ण जोरानं आलं. त्यानंतर थोड्या वेळानं तिसऱ्या मजल्याचा मागचा स्लॅब खाली बसला. दिनकरराव आणि महेश त्याखाली गेले. इमारतीतली चार माणसंही वाचली नाहीत.

मी तेव्हा पाचवीच्या वर्गावर होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, पेठेत आग लागलीय, दोन जवान गेले म्हणतात." नावं त्याला माहीत नव्हती. हातातला खडू मोडला तेवढं आठवतं. फळ्यावर काय लिहीत होते, वर्ग कुणी सोडला, घरी कशी आले, यातलं काहीच आठवत नाही. संध्याकाळी हे दारात उभे राहिले. अंगभर काजळी, पायांत एकच बूट. ह्यांना बघून मला आनंद झाला, आणि पुढच्याच क्षणी त्या आनंदाची अशी लाज वाटली की मी तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेले. दुसऱ्या कुणाच्या तरी दारात त्या वेळी कुणीच उभं राहिलेलं नव्हतं.

ह्यांनी साहेबांना स्वतःहून सगळं सांगितलं. चौकशी झाली. स्लॅब पडला तेव्हा पाणी व्यवस्थित चालू होतं, सबब पाण्यातल्या त्या खंडाचा मृत्यूंशी संबंध नाही, असा निर्वाळा मिळाला. कागदावर हे सुटले, पण मनातून सुटले नाहीत. हे म्हणत, त्या दहा आकड्यांत आगीनं जे खाल्लं ते खाल्लं, कागदाला काय कळतंय. नोकरी केली, पण पंपावर पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. विनंती करून कार्यालयातलं काम मागून घेतलं. घरी आमच्याकडे सकाळी अकराला नळाचं पाणी जातं. जाताना नळ घुसमटल्यासारखा आवाज करतो आणि धार बारीक होते. सुट्टीच्या दिवशी तो आवाज आला की हे असतील तिथून उठून नळासमोर उभे राहायचे, कपाळावर घाम यायचा, ओठ हलायचे. वर्षभरानं माझ्या लक्षात आलं की हे आकडे मोजतायत. घरातलं एकही भांडं हे रिकामं राहू देत नसत. हंडे, बादल्या, पातेली तर भरलेली असतच, पण पाहुण्यांचे पेलेसुद्धा भरलेले असत. पाहुणे आले की आधी पेले रिकामे करून मग पुसून घ्यायला लागत. सुरुवातीला मी चिडायचे, मग हसायचे, आणि मग दोन्ही सोडून दिलं.

देवळात तर हे येईनासेच झाले. आधी सोमवार कधी चुकवला नव्हता. एकदा मी फारच मागे लागले तेव्हा म्हणाले, "पिंडीवरची धार थांबू नये म्हणून तिथं पात्र टांगत्यात. जिथं पाणी थांबू नये, तिथं माझ्यासारख्यानं जाऊ नये." तेव्हापासून सोमवारची मी एकटी जाऊ लागले.

दरवर्षी त्या तारखेला केंद्राच्या आवारात सकाळी श्रद्धांजलीचा कार्यक्रम असतो. भिंतीवर संगमरवरी फरशी आहे, तिच्यावर दोन जवानांची आणि इमारतीतल्या चौघांची अशी सहा नावं आहेत. तिथली पद्धत अशी की आधी बंबाचा पंप सुरू करतात. दोन जवान दोन बाजूंनी आकाशात पाण्याच्या धारा सोडतात आणि त्या वर जाऊन एकमेकींना छेदतात. मग साहेब हात वर करतात, चालक पंप बंद करतो, धारा खाली उतरतात आणि दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे राहतात. शेवटी हजेरी घेतात. एकेक नाव पुकारलं जातं आणि आवारातली सगळी माणसं एकदम म्हणतात, "हजर." मी हे ऐकून होते, पाहिलं नव्हतं. आमंत्रण दरवर्षी यायचं आणि मी ते देवांच्या पाटाखाली सरकवायचे.

गेल्या वर्षी ह्यांच्या निवृत्तीला काही महिने झाले होते. केंद्राचे साहेब स्वतः घरी आले. वयानं लहान, बोलायला गोड. म्हणाले, "काका, या वर्षी पंप आपण चालवायचा. सगळ्यांची इच्छा आहे." हे शांतपणे म्हणाले, "बरोबर हाय साहेब. पंप बंद पाडायला माझ्यासारखा दुसरा कोण घावणार तुमास्नी." साहेबांच्या हातातला कप तसाच राहिला. मी पदर तोंडाला लावून आत गेले. चेष्टा करायची सवय माझी, ह्यांची नव्हे, आणि नवऱ्यानं पहिल्यांदा चेष्टा केली ती अशी. त्यानंतर ह्यांचं जेवण तुटलं. अंगावरचा सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसू लागला. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं की रोग काही सापडत नाही. मला तो कधीच सापडला होता, फक्त औषध कुठे मिळतं ते ठाऊक नव्हतं. हा माणूस असाच मोजत मोजत जाणार, या विचारानं मी गारठून गेले होते.

कार्यक्रमाचा दिवस नेमका सोमवार होता. सकाळी लवकर देवळात गेले आणि गाभाऱ्यात पाऊल टाकताच थबकले. पिंडीवरच्या अभिषेकपात्रातून थेंब पडत नव्हता. पात्र भरलेलं दिसत होतं, पण खाली धार नव्हती. बरोबर त्याच दिवशी. मी गुरवकाकांना हाक मारली. ते बाहेर फुलं निवडत बसले होते.

"काका, अहो पात्र थांबलंय."

"दिसलं मला."

"केव्हापासून?"

"ते काय मला विचारून थांबतं? कचरा अडकला असेल, काडी घालतो जरा वेळानं. महादेवाच्या घशाला कोरड पडलेली नाही, डोक्यावर गंगा आहे त्याच्या. बसा तुम्ही. उलट कसं शांत वाटतंय बघा."

मला शांत बिंत काही वाटत नव्हतं. एवढं खरं, की ती टपटप नसल्यामुळे देवळामागच्या पिंपळाची सळसळ गाभाऱ्यात ऐकू येत होती. इतक्या वर्षांत ती मी ऐकली नव्हती. पण त्या वेळी मला तो अपशकुनच वाटला. मी तांब्या पिंडीवर जवळजवळ आदळला आणि देवाला म्हटलं, माझं बोलणं तू ऐकत नाहीस हे समजलं, पण निदान तू तरी काहीतरी बोल. आणि नमस्कार न करता निघाले.

घरी येऊन साडी बदलली. हे खुर्चीत बसून होते. म्हटलं, "तुम्ही येत नाही तर मी जाते. सहा नावांना हजर म्हणायला आपल्या घरातलं एक तरी तोंड हवं." मी चपला घालेपर्यंत ह्यांनी माझ्या पिशवीत पाण्याची बाटली ठेवली, काठोकाठ भरून.

आवारात बरीच माणसं होती. पुढच्या रांगेत महेशची आई बसली होती, काठी गुडघ्यांत धरून. तिला मी ओळखत होते, म्हणून मुद्दाम मागे उभी राहिले. पंप सुरू झाला. माझ्या नवऱ्यानं आयुष्यभर ज्याच्याशेजारी उभं राहून काम केलं तो आवाज मी पहिल्यांदाच इतक्या जवळून ऐकत होते. शेजारच्या बाईनं मला काही विचारलं, तिचे ओठ दिसले, शब्द ऐकू आला नाही. धारा वर गेल्या, एकमेकींत मिसळल्या, बारीक तुषार तोंडावर आले. साहेबांनी हात वर केला. पंप थांबला, धारा खाली आल्या आणि सगळीकडे अगदी शांत झालं.

त्या शांततेत टण् असा आवाज झाला. मग पुन्हा. पुन्हा. कुणीतरी लोखंडावर भांडं आपटत होतं. सगळ्यांच्या माना वळल्या. कुंपणाच्या गजापाशी चाळिशीची एक बाई उभी होती, साधी सुती साडी, खांद्याला पिशवी. हातात स्टीलचा पेला, आणि ती तो गजावर वाजवत होती. थांबत नव्हती. श्रद्धांजलीच्या स्तब्धतेत असं काही होऊ शकतं यावर कुणाचा विश्वास बसेना. एक जण दबक्या आवाजात म्हणाला, "अहो बाई, काय चाललंय? वेळ कोणती?" एक जवान तिच्याकडे धावला. साहेब हात वर धरूनच उभे राहिले, तो खाली घ्यायचं त्यांना सुचेना. बाईच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं आणि पेला वाजतच होता.

जवानानं तिचा हात धरला तेव्हा ती बोलली. आवाज कसला, चिंधी फाडावी तसा घोगरा. म्हणाली, "मला ओरडता येत नाही. धुरानं घसा गेलाय. तेव्हाही ओरडता येत नव्हतं, म्हणून वाजवत होते. ते म्हणाले, वाजवत राहा बाई, आम्ही येतोय. त्यांना सांगायचं होतं की मी आहे."

कुणी खुर्ची आणली, कुणी पाणी दिलं. तिचं नाव शैला. तिसऱ्या मजल्यावर, मागच्या सज्जाला पत्रे मारून केलेल्या खोलीत ती अंथरुणाला खिळलेल्या वडिलांबरोबर राहायची. आग लागली तेव्हा धूर आत भरला, दार उघडेना, घशातून आवाज फुटेना. हाताला पेला लागला तो घेऊन ती खिडकीच्या गजावर वाजवू लागली. पण बाहेर पत्र्यांवर त्या दोघांच्या नळीच्या पाण्याचा मारा चालला होता. ती म्हणाली, "पत्र्यावर पाणी म्हणजे मला माझाच पेला ऐकू येईना. मनात म्हटलं, संपलं. आणि एकदम पाणी थांबलं. अगदी गप्प झालं सगळं. मी वाजवतच होते. भिंतीपलीकडून एक जण दुसऱ्याला म्हणाला, थांब, ऐक, कुणीतरी वाजवतंय. मग पुन्हा पाणी सुरू झालं. पण तोवर त्यांना कळलं होतं, मी कुठे आहे ते."

त्यांनी दार फोडलं. महेशनं तिला मागच्या जिन्यानं खाली आणून लोकांच्या हवाली केलं आणि दिनकररावांना मदत करायला तो पुन्हा वर गेला. वडिलांना उचलायचं होतं. तेव्हाच स्लॅब बसला, वडीलही त्याखाली गेले. ती कितीतरी महिने रुग्णालयात होती, मग भाऊ तिला बार्शीला घेऊन गेला. जबाब घ्यायला कुणी आलं तेव्हा बोलता येत नव्हतं, कागदावर तिनं एवढंच लिहिलं की मला जवानांनी बाहेर काढलं. पाण्याबद्दल कुणी विचारलंच नाही. असा कार्यक्रम होतो हेही तिला ठाऊक नव्हतं. घसा दाखवायला ती पुण्याला आली होती. डॉक्टर शनिवारी आले नाहीत म्हणून मुक्काम पडला, आणि सकाळी नातेवाइकांच्या घरी वर्तमानपत्रात तिनं चार ओळींची बातमी वाचली. डॉक्टर वेळेवर आले असते तर ती त्या वेळी बार्शीत असती.

महेशची आई काठी टेकत तिच्यापर्यंत आली. सगळे बाजूला झाले. म्हातारीनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "तुला काढलं व्हय माझ्या महेशनं?" शैलानं मान हलवली. "हाताला धरून काढलं का उचलून?" "उचलून." म्हातारी कितीतरी वेळ तिच्या खांद्यांवरून हात फिरवत राहिली, जणू त्या जागी अजून काही शिल्लक असेल. मला ते बघवेना.

माझी अवस्था काय सांगू? नऊ वर्षं आमच्या घरात जे पाप म्हणून वागवलं जात होतं, ते ही बाई असं सांगत होती, जणू तिला कुणी वरदान दिलं होतं. मी आनंदानं वेडी व्हायची बाकी राहिले. आणि पाठोपाठ दुसरा विचार आला, त्यानं मी होते तिथे खाली बसले. पाणी थांबलं नसतं तर पेला ऐकू आला नसता. पेला ऐकू आला नसता तर ते दोघे मागच्या खोलीकडे गेले नसते. स्लॅब मागचाच पडला. आता हे मी घरी जाऊन सांगू की न सांगू? ह्यांना हे औषध होईल की विष? देवाला बोल म्हटलं होतं. तो बोलला होता, आणि काय बोलला ते माझ्या बुद्धीच्या पलीकडचं होतं. हजेरी झाली, सहाही नावांना मी हजर म्हटलं असावं, मला आठवत नाही. शेवटी मी ठरवणं सोडून दिलं. मनात म्हटलं, आणलंस तू, तर पुढचंही तूच बघ. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्याशी न भांडता त्याच्या हवाली काही केलं असेल. शैलाला सांगितलं की माझ्या घरी चला, तिथे एक माणूस आहे. रिक्षात तिला सगळं सांगितलं. ती पेला मांडीवर घट्ट धरून ऐकत होती.

घरी पोचलो तेव्हा हे स्वयंपाकघरात भांडी भरत होते. मी म्हटलं, "ह्या शैलाताई. मागच्या खोलीतल्या. दिनकररावांनी आणि महेशनं ह्यांना काढलं." ह्यांनी नळ चालूच ठेवला, हात तसेच ओले. शैलानं उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली. पत्रे, पाण्याचा मारा, पेला. ती पाणी थांबलं या जागेपर्यंत आली आणि नळानं घुसमटल्यासारखा आवाज केला. अकरा वाजले होते. धार बारीक झाली आणि तुटली. ह्यांच्या कपाळावर घाम आला, ओठ हलायला लागले. शैला पुढे झाली आणि तिनं पेला ओट्याच्या कडेवर वाजवला. एक. दोन. हे मोजत होते, आता आवाज बाहेर येत होता. "तीन. चार." आठव्या ठोक्याला ती थांबली.

"इथे आवाज आला," ती म्हणाली. "थांब, ऐक, कुणीतरी वाजवतंय."

"दिनकर," हे म्हणाले. "थांब, ऐक, असं दिनकरच म्हणायचा." मला ज्याची भीती होती तेच ह्यांनी विचारलं. "म्हंजे मी चुकलो नसतो तर ते मागं गेलेच नसते."

शैला म्हणाली, "नसते गेले. आणि मी पेला वाजवला नसता तरी गेले नसते. आता चूक कुणाची धरायची ते तुम्ही सांगा, काका. मीही नऊ वर्षं हेच मोजतेय. माझ्या बदल्यात ते दोघं. मला काही हा हिशेब जमला नाही."

नऊ वर्षं हे एकटेच मोजत नव्हते. तिकडे बार्शीलाही कुणीतरी बसून तेच मोजत होतं, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. ह्यांचा चेहरा आधी वाकडा झाला आणि मग हे रडले. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी जवळ गेले नाही. थोड्या वेळानं ह्यांनी तोंड पुसलं, शैलाच्या हातातला पेला घेतला, विसळला, हंड्यातलं पाणी त्यात ओतलं आणि तिच्यापुढे धरला. "पाणी घ्या ताई," म्हणाले. तिनं तो पूर्ण पेला पिऊन टाकला. हे ती पिऊन होईपर्यंत बघत उभे होते. त्या दुपारी ह्यांनी भाकरी मागून घेतली.

पुढच्या सोमवारी मी तांब्या भरला तर हे दारात चपला घालून उभे. गुरवकाकांनी नऊ वर्षांनी ह्यांना पाहिलं आणि फुलांवरची नजरही न काढता म्हणाले, "या. सवड झाली म्हणायची." ह्यांनी अभिषेकपात्र उतरवलं, त्याचं भोक काडीनं साफ केलं आणि ते काठोकाठ भरून पुन्हा टांगलं. ते पात्र त्या दिवशी का थांबलं होतं, कचऱ्यानं की आणखी कशानं, हे मी कुणाला विचारलं नाही आणि विचारणारही नाही. मी फक्त एवढंच करते, की ते कधी थांबलेलं दिसलं तर लगेच आरडाओरडा करत नाही. दिनकरराव आणि महेश गेले ते गेलेच. त्याला चांगलं कारण होतं, असं त्यांच्या घरच्यांना सांगायची माझी छाती नाही. पण कशामुळे काय झालं ते ठरवायची खुर्ची आपली नाही, हे मला पटलं आहे. त्या खुर्चीवरून उठल्यापासून मला झोप लागते.

या वर्षी साहेबांना घरी यावं लागलं नाही. ह्यांनीच निरोप धाडला. कार्यक्रमाच्या सकाळी हे खाकी कपडे इस्त्री करून घालून बंबाच्या बाजूला उभे राहिले, पंपाच्या दांड्यावर हात ठेवून. शैला आदल्या दिवशी बार्शीहून आली होती, आमच्याकडेच उतरली. ती महेशच्या आईशेजारी कुंपणाच्या गजापाशी उभी होती. धारा वर गेल्या, वर एकमेकींना मिळाल्या. साहेबांनी हात वर केला. मी ह्यांच्या हाताकडे बघत होते. तो हलेना. माझे ओठ आपोआप मोजायला लागले. मग ह्यांनी मान वर करून शैलाकडे पाहिलं आणि पंप बंद केला.

शांत झालं. तिनं पेला वाजवला. या खेपेस कुणी मान वळवली नाही, कुणी तिला अडवलं नाही. दोन मिनिटं झाली असावीत, कारण शेजारी उभ्या असलेल्या जवानानं हळूच विचारलं, "काका, हजेरीला सुरुवात करायला सांगू?" ह्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"थांब," हे म्हणाले. "ऐक."